हातावर बांधायचा वायरलेस माउस: पट्ट्यापासून प्रोग्रॅमपर्यंत

कर्सर, म्हणजे पडद्यावरचा बाण, हलवणं सोपं आहे. हालचाल ओळखणारा सेन्सर घ्या, बोर्डाला (प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या सर्किटला) जोडा, एखादं तयार उदाहरण त्यात टाका. पहिल्याच संध्याकाळी हात हलला की पडद्यावरचा बाण हलायला लागतो. ग्रुपमधले सगळे खूश होतात, व्हिडिओ निघतात. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. तो बाण हवा तिथे थांबवायचा कसा? बटण दाबताना तो निसटू नये म्हणून काय करायचं? हात खाली घेतला, चहाचा कप उचलला, तर आता गप्प बसायचं हे त्याला कळणार कसं? टेबलावरच्या माउसला हे प्रश्न पडत नाहीत. घर्षण त्याला धरून ठेवतं आणि हात काढला की तो जिथल्या तिथे राहतो. अंगावर घालायच्या माउसला टेबल नसतं, म्हणून थांबणं त्याला शिकवावं लागतं. या लेखातले बहुतेक टप्पे त्या शिकवण्याचेच आहेत.

मी कोल्हापुरात डिप्लोमाच्या आणि बी.ई.च्या मुलामुलींना प्रोजेक्टच्या कामात मदत करतो. हा विषय घेणारे बरेच ग्रुप सगळा वेळ बोर्ड निवडण्यात घालवतात आणि कर्सर थरथरतोय हे त्यांना सबमिशनच्या आठवड्यात कळतं. तसं होऊ नये म्हणून हे क्रमाने लिहितो आहे. चार जणांचा ग्रुप, एक सत्र आणि दोन हजारांच्या आसपास खर्च धरला आहे.

आधी माणूस ठरवा

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या सुरुवातीच्या आराखड्यात, "दिव्यांग व्यक्तींसाठी उपयुक्त" असं एक वाक्य लिहून पुढे जाऊ नका. त्या वाक्यातून बटण कुठे बसवायचं हे कळत नाही. शिकवताना वर्गात फिरणाऱ्या बाईंना स्लाइड बदलायची असते आणि क्वचित बाण दाखवायचा असतो. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरचे हात तेलकट असतात, तरी त्याला ड्रॉइंग मोठं करून बघायचं असतं. पॉवर प्रेसवर बोटं गमावलेल्या माणसाला अख्खा दिवस संगणकावर काम करायचं असतं. ही तीन वेगळी यंत्रं आहेत.

कोल्हापुरात तर असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. नसीमा हुरजूक यांनी इथे १९८४ मध्ये सुरू केलेली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सगळ्यांना ठाऊक आहे. गावात फिजिओथेरपीचे दवाखाने आहेत. तुमच्या गल्लीतही कुणी असेल. आधी फोन करा, परवानगी घ्या, आणि पहिल्या भेटीत काहीही विकत न घेता फक्त बघा. कोणतं बोट जोर देऊ शकतं? मनगट न दुखता किती अंशांत फिरतं? कोपर टेकायला खुर्चीला हात आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हा पट्टा त्यांना दुसऱ्याच्या मदतीशिवाय, एकाच हाताने बांधता येईल का? डिझाइन सगळ्यात जास्त बदलतं ते या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराने.

पुढचं सगळं मी एक उदाहरण धरून लिहितो: ज्यांचं मनगट आणि अंगठा नीट चालतो, पण बोटं आखडल्यामुळे माउसवर पंजा पसरून ठेवता येत नाही अशी व्यक्ती.

हातमोजा नको, पट्टा हवा

नव्वद टक्के सिनॉप्सिसवर हातमोज्याचं चित्र असतं असं मला वाटतं. चित्रात तो छान दिसतो. पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो अर्ध्या तासात आतून ओला होतो. प्रत्येकाच्या हाताला वेगळा साइज लागतो. आखडलेली बोटं त्यात घालणं हीच एक शिक्षा असते. शिवाय बोटांच्या पेरांवरून गेलेल्या वायरी हजारदा वाकून आतल्या आत तुटतात, आणि तुटलेली कोणती हे बाहेरून दिसत नाही.

त्यापेक्षा तळहाताच्या मागच्या बाजूला एक छोटी पेटी आणि तर्जनीच्या मुळाशी, अंगठ्याकडच्या अंगाला, स्विचची एक पट्टी बसवा. बोटं मोकळी राहतात. पेटी मनगटाच्या पुढे असल्यामुळे मनगट फिरलं की सेन्सरही फिरतो. घड्याळासारखी मनगटाच्या मागे बांधली तर नुसतं मनगट हलवून काही होत नाही, पूर्ण हात उचलावा लागतो आणि दहा मिनिटांत खांदा भरून येतो.

इलेक्ट्रॉनिक्सला हात लावण्याआधी एक काडेपेटी घ्या. त्यात नट-वॉशर भरून घरच्या वजनकाट्यावर ४० ग्रॅम करा आणि रुमालाने हाताला बांधून एक पूर्ण प्रॅक्टिकल करा. वही लिहा, पाणी प्या, जिना उतरा. पेटी कुठे टोचते, कुठे सरकते, कुठे आपटते ते पेनने काडेपेटीवरच लिहून ठेवा. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ मध्ये झालेला पहिला माउस म्हणजे लाकडाचा ठोकळा आणि खाली दोन चाकं होती. ९ डिसेंबर १९६८ ला तो सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लोकांसमोर आला, म्हणजे मध्ये चार वर्षं गेली.

पट्ट्यासाठी कोल्हापूरकरांकडे एक सोय आहे जी इतर गावांतल्या मुलांना सहसा इतकी सहज मिळत नाही. चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडे काडेपेटीसकट जा. आमच्या एका ग्रुपने इलॅस्टिकचा पट्टा घट्ट आवळून नेला होता. कारागिराने तो हातात घेतला आणि म्हणाले, "एवढं आवळून बांधलासा तर तासाभरात हात बधिर हुतोय बघा." त्यांनी पातळ चामड्याचा रुंद तुकडा पाण्यात भिजवून त्या मुलाच्या हातावरच वळवला आणि तसाच सुकू दिला. वनस्पतीच्या सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना दिलेला आकार सुकल्यावर धरून ठेवतं. ते हातावर बसलं की आवळायची गरजच उरत नाही. सैल पट्ट्यात पेटी डुलते, आणि पेटी डुलली की कर्सर डुलतो, त्यामुळे हा नुसता आरामाचा मुद्दा नाही. एका हाताने बांधता यावं म्हणून एका टोकाला कडी बसवा: वेलक्रोची पट्टी कडीतून ओवून मागे ओढली की काम झालं. आतून सुती अस्तर लावा, पण शिवून टाकू नका, वेलक्रोने चिकटवा.

पेटी थ्रीडी प्रिंट करा किंवा ॲक्रिलिकची कापून घ्या. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये हवं ते भोक पाडून मिळतं, फक्त पेटी धातूची करू नका. धातूच्या डबीतून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत.

बोर्ड आणि सेन्सर

खरेदीत होणाऱ्या चुका आधी सांगतो. एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल माउस म्हणून ओळखलं जात नाही. ते सिरीयल पोर्ट बनतं आणि मग संगणकावर वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागतो. अर्डुइनो उनो आर३ या बोर्डाचा मुख्य चिप थेट यूएसबी माउस होऊ शकत नाही, लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हे बोर्ड होऊ शकतात. ईएसपी३२ ही वायरलेस चिपांची मालिका आहे, पण त्यातल्या ईएसपी३२-एस२ मध्ये ब्लूटूथच नाही. आणि ईएसपी३२ चा मोठा डेव्हलपमेंट बोर्ड ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर नीट चालत नाही, कारण त्यावर बहुधा असणारा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) एक व्होल्टच्या आसपास स्वतःच खातो आणि चिपला लागणारे किमान तीन व्होल्ट उरत नाहीत. प्रयोगशाळेत यूएसबीवर सगळं उत्तम चालतं, बॅटरी लावली की बोर्ड सारखा रीसेट होतो, आणि मुलं आठवडाभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

म्हणून मी सीड कंपनीचा शाओ ईएसपी३२-सी३ सुचवतो. तो पोस्टाच्या तिकिटाएवढा, साधारण २१ बाय १८ मिलिमीटर आहे. बॅटरीचे पॅड मागच्या बाजूला आहेत आणि चार्जिंगची सोय बोर्डावरच आहे. त्याच्यासोबत येणारा छोटा अँटेना लावायला विसरू नका. पैसे थोडे जास्त असतील तर त्याच मालिकेतला एनआरएफ५२८४० सेन्स घ्या: त्यात गतीचा सेन्सरही बसवलेला आहे आणि ब्लूटूथला वीज खूपच कमी लागते. पण ईएसपी३२ साठी मदत आणि उदाहरणं जास्त सापडतात, म्हणून पुढचं त्यावरच लिहितो.

सेन्सर म्हणून एमपीयू-६०५० चं मॉड्यूल बाजारात सहज मिळतं. त्यात तीन अक्षांचा ॲक्सिलरोमीटर (त्वरण मोजणारा) आणि तीन अक्षांचा जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा) असतो. जोडणी चार वायरींची: वीज, ग्राउंड, आणि डेटा-क्लॉकसाठी बोर्डावरच्या डी४ आणि डी५ पिना. स्विच डी१, डी२, डी३ ला लावा. डी०, डी८, डी९ टाळा, कारण चालू होताना चिप या पिना बघून कसं सुरू व्हायचं ते ठरवतो. तेव्हा तिथलं बटण दाबलेलं असेल तर तुमचा प्रोग्रॅम कदाचित सुरूच होणार नाही.

सेन्सर चालू केल्यावर झोपलेल्या अवस्थेत असतो. पॉवर मॅनेजमेंटच्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडा साठवायच्या जागेत) शून्य लिहून त्याला उठवावं लागतं. त्याचा पत्ता हेक्साडेसिमलमध्ये ६८ आहे, एडी० पिन विजेच्या वायरीला जोडली तर ६९. लायब्ररी, म्हणजे सेन्सरसाठीचा तयार प्रोग्रॅम, "सेन्सर सापडला नाही" म्हणत असेल आणि वायरिंग तर बरोबर असेल, तर चिपची ओळख सांगणारं रजिस्टर स्वतः वाचून बघा. तिथे ६८ ऐवजी ७० आलं तर एमपीयू-६५०० चा चिप बसवलेला आहे. तो फेकून देऊ नका, लायब्ररीतली ओळखीची तपासणी बदलली की आपल्या कामाला तो चालतो.

बॅटरीबाबत तडजोड नको

ही वस्तू माणसाच्या हाताला बांधायची आहे. फुगलेली, वाकलेली किंवा जुन्या मोबाइलमधून काढलेली बॅटरी वापरू नका. आत संरक्षण सर्किट असलेली, ४०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासची लिथियम पॉलिमर बॅटरी घ्या. बोर्डावरच्या चार्जरचा करंट माहितीपत्रकात बघून घ्या. अँपिअरमधला तो आकडा बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या आकड्यापेक्षा मोठा असता कामा नये.

चार्जिंगसाठी वेगळं टीपी४०५६ मॉड्यूल लावणाऱ्यांनी हे नक्की वाचावं. ते बहुतेक वेळा १.२ किलोओमच्या रेझिस्टरसह येतं आणि १ अँपिअरने चार्ज करतं. छोट्या बॅटरीसाठी हे फार म्हणजे फार जास्त आहे. तो रेझिस्टर काढून १० किलोओमचा लावला की करंट १३० मिलिअँपिअरच्या आसपास येतो. काम बारीक आहे, भिंग आणि चिमटा लागेल, पण ते टाळू नका. चार्जिंग चालू असताना माउस हातावर ठेवायचा नाही, असं पेटीवरच लिहा.

बॅटरी किती वेळ चालेल हे रिपोर्टमध्ये अंदाजाने लिहू नका, मल्टिमीटर मालिकेत लावून मोजा. समजा सरासरी ८० मिलिअँपिअर आला. ४०० पैकी ८० टक्केच वापरायचे धरले तर ३२० भागिले ८०, म्हणजे चार तास. पाच मिनिटं हालचाल नसेल तर बोर्डाला झोपवा.

पेटीत बॅटरी हाताच्या बाजूला आणि अँटेना बाहेरच्या बाजूला येऊ द्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरात शोषल्या जातात. अँटेना बॅटरी आणि हात यांच्या मध्ये दाबला गेला तर शेजारच्या टेबलावरचा लॅपटॉपही सापडत नाही.

हालचालीचं गणित

पहिला मोह ॲक्सिलरोमीटर वापरायचा होतो. त्वरणाचं दोनदा इंटिग्रेशन केलं की अंतर मिळतं, हे आपण अकरावीत शिकलेलो असतो. कागदावर ते बरोबर आहे. पण सेन्सरमध्ये फक्त ०.०१ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) एवढी चूक धरा. ती ०.०९८ मीटर प्रति सेकंद वर्ग होते. एका सेकंदात ती जवळजवळ ५ सेंटिमीटरची खोटी हालचाल दाखवते आणि दोन सेकंदांत जवळजवळ २० सेंटिमीटरची. हात जागेवर, कर्सर पडद्याबाहेर! हे गणित रिपोर्टमध्ये घाला, तुम्ही तो मार्ग का सोडला याचं ते पूर्ण उत्तर आहे.

जायरो कोनीय वेग देतो, म्हणून एकदाच इंटिग्रेशन लागतं. खरं तर तेही नको, कारण माउसला जागा नाही तर फक्त "गेल्या वेळेपासून किती सरकलो" एवढंच सांगायचं असतं. मनगट डावी-उजवीकडे फिरण्याचा वेग आडव्या हालचालीला, वर-खाली होण्याचा वेग उभ्या हालचालीला.

सेन्सरची मर्यादा सेकंदाला ५०० अंशांवर ठेवा. २५० वर बारकावा जास्त मिळतो, पण झटकन हात फिरवला की आकडा छताला लागतो आणि कर्सर मधेच अडल्यासारखा वाटतो. ५०० च्या मर्यादेवर कच्च्या आकड्याला ६५.५ ने भागलं की अंश प्रति सेकंद मिळतात.

आता प्रमाण ठरवा. पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे आणि मनगट आरामात ४० अंश फिरतं असं धरलं, तर एका अंशाला ४८ पिक्सेल लागतील. पण एवढ्या प्रमाणात बारीक चिन्हावर नेम धरता येत नाही. म्हणून प्रमाण वेगानुसार बदला: हळू हालचालीला अंशामागे १५ पिक्सेल, वेगाने फिरवलं तर ५० पर्यंत, आणि दोन्हींच्या मध्ये सरळ चढ. हे आकडे सुरुवातीचे आहेत, ज्यांच्यासाठी माउस बनतोय त्यांच्या हाताप्रमाणे ते बदलतील. प्रमाण बदलायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा, दर वेळी प्रोग्रॅम पुन्हा टाकायला लावू नका.

एक चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते. प्रोग्रॅम सेकंदाला शंभर वेळा चालतो आणि हात अगदी हळू फिरत असतो, तेव्हा प्रत्येक वेळी ०.४ पिक्सेल असं काहीतरी उत्तर येतं. माउसला पूर्ण संख्याच पाठवता येते, म्हणून ०.४ चा शून्य होतो. शंभर वेळा शून्य. हात हलतोय, कर्सर मख्ख. उपाय दोन ओळींचा: उरलेला अपूर्णांक साठवून ठेवा आणि पुढच्या वेळी त्यात मिळवा. ०.४, ०.८, १.२; आता एक पाठवा, ०.२ शिल्लक ठेवा. एवढ्या एका बदलाने कर्सर लोण्यासारखा चालायला लागतो.

पट्टा प्रत्येक वेळी थोडा तिरका बसतो, मग मनगट सरळ फिरवलं तरी कर्सर तिरका जातो. इथे ॲक्सिलरोमीटर कामाला येतो. हात स्थिर असताना तो गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतो, त्यावरून पेटी किती अंश कलली आहे ते काढा आणि जायरोचे दोन्ही आकडे साइन-कोसाइनने तेवढ्याच कोनात फिरवून घ्या. हे केलं नाही तर वापरणाऱ्याला दर वेळी पट्टा मोजून मापून बांधावा लागेल.

थांबवणं

आता मुख्य भागाकडे येतो. थांबलेल्या हातातही तीन गोष्टी चालू असतात.

पहिली, जायरोची शून्याची चूक. टेबलावर ठेवलेला सेन्सरही शून्य दाखवत नाही. सुरू होताना पेटी स्थिर ठेवून पाचशे नोंदींची सरासरी काढा आणि ती वजा करा. पण तापमान बदललं की ही चूक सरकते. हातावर बांधल्यावर शरीराच्या उष्णतेने ती सरकणारच. एकदाच काढलेली सरासरी पुरत नाही.

दुसरी, हाताचा कंप. निरोगी हातालाही सेकंदाला ८ ते १२ वेळा असा सूक्ष्म कंप असतो. एमपीयू-६०५० मध्येच गाळणी आहे. तिची चौथ्या क्रमांकाची पायरी २० हर्ट्झपर्यंतच्या हालचाली जाऊ देते आणि साधारण ८ मिलिसेकंद उशीर करते; सहाव्या पायरीवर ५ हर्ट्झच्या वरचं दबतं, पण उशीर १९ मिलिसेकंदांच्या जवळ जातो आणि कर्सर चिखलातून ओढल्यासारखा जड होतो. मी चौथीवर थांबतो आणि उरलेला कंप दुसऱ्या मार्गाने काढतो: सेकंदाला एक अंशापेक्षा कमी वेग आला की तो हळूहळू शून्याकडे दाबायचा. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे. एकदम कापलं तर कर्सर चिकटतो आणि मग उडी मारतो.

तिसरी गोष्ट गणिताने सुटत नाही: माणसाला हात हलवायचा आहे, पण कर्सर हलवायचा नाही. नाक खाजवायचं आहे, पान उलटायचं आहे. त्यासाठी क्लच हवा. गाडीचा क्लच दाबला की इंजिन चाकापासून सुटतं. इथे उलट ठेवायचं, अंगठा टेकलेला असेल तरच हालचाल पडद्यापर्यंत पोहोचेल. तर्जनीच्या अंगाला लिव्हरवाला छोटा लिमिट स्विच बसवा, लिव्हरमुळे जोर कमी लागतो. मनगट टोकापर्यंत वळलं की अंगठा उचलायचा, मनगट सरळ करायचं, पुन्हा टेकवायचा; टेबलावरचा माउस कडेला आला की आपण उचलून मागे ठेवतो, अगदी तसंच. अंगठा टेकवून ठेवणंही ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी एकदा दाबून चालू, पुन्हा दाबून बंद अशी रीत ठेवा.

या क्लचमुळे वरची पहिली अडचणही सुटते. अंगठा उचललेला आहे आणि जायरोचे आकडे अर्धा सेकंद जवळजवळ सारखेच आहेत, म्हणजे हात स्थिर आहे. त्या क्षणी नवी सरासरी काढून घ्या. वापरणाऱ्याला काही कळतही नाही आणि दिवसभर शून्य जागेवर राहतो.

क्लिकचा प्रश्नही तिथेच सुटतो. क्लिकची दोन बटणं क्लचच्याच ओळीत, थोडी पुढे बसवा. क्लिक करायला अंगठा क्लचवरून उचलावा लागतो. उचलला की कर्सर गोठतो, मग बटण दाबताना हात कितीही हलला तरी नेम चुकत नाही. शिवाय अंगठ्याचा जोर तर्जनीच्या हाडावर येतो, हवेत जात नाही, त्यामुळे हात ढकलला जात नाही. पेटीच्या माथ्यावर बटण बसवलेले प्रोजेक्ट मी पाहिले आहेत. त्यात दुसऱ्या हाताने दाबावं लागतं आणि प्रत्येक क्लिकला पेटी हलते.

फाइल ओढण्यासाठी क्लिकचं बटण ३०० मिलिसेकंदांहून जास्त दाबून धरलं तर हालचाल पुन्हा सुरू करा. दुसरं बटण दाबून धरून मनगट वर-खाली केलं तर स्क्रोल. पटकन सोडलं तर राइट क्लिक. बटणांच्या नोंदींवर २० मिलिसेकंदांची स्थिरता तपासा, नाहीतर एका दाबाचे दोन क्लिक होतील.

अंगठा उचलताना कर्सर किंचित सरकतो अशी तक्रार येईलच. शेवटच्या ६० मिलिसेकंदांत पाठवलेली हालचाल लक्षात ठेवा, आणि उचलण्याच्या वेळी वेग कमी असेल तर तेवढीच उलटी पाठवा. बाण जिथे नेम धरला होता तिथे परत येतो.

ब्लूटूथवरून माउस

ईएसपी३२ ला ब्लूटूथ माउस बनवणारी तयार लायब्ररी आहे. ती कंपाइल होत नसेल तर बहुधा अर्डुइनोमधलं ईएसपी३२ चं पॅकेज तिसऱ्या आवृत्तीचं आहे, दुसऱ्या आवृत्तीवर या. प्रोग्रॅममध्ये माउसच्या वर्णनात काही बदललं की विंडोजमधून ते उपकरण काढून पुन्हा जोडा, कारण विंडोज जुनं वर्णन धरून बसतं. या बोर्डावरच्या ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये (कमी विजेवर चालणाऱ्या ब्लूटूथमध्ये) संगणकाशी होणाऱ्या दोन संपर्कांतलं किमान अंतर ७.५ मिलिसेकंद असतं, त्यामुळे सेकंदाला हजार वेळा पाठवण्यात अर्थ नाही, शंभर पुरे.

मोजून दाखवा

"माउस चांगला चालतो" हे वाक्य रिपोर्टमध्ये नको. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम यासाठीच वापरतात. लक्ष्य किती लांब आणि किती रुंद, यावरून अवघडपणा बिटमध्ये काढायचा: अंतराला रुंदीने भागा, एक मिळवा, त्याचा दोनच्या पायाचा लॉगॅरिथम घ्या. ४४८ पिक्सेल लांब आणि ६४ पिक्सेल रुंद लक्ष्याचं उत्तर बरोबर ३ बिट येतं. तिथे पोहोचून क्लिक करायला दीड सेकंद लागला तर वेग सेकंदाला २ बिट.

गोलात मांडलेली लक्ष्यं दाखवणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये एका दिवसात होतो. पाच-सहा जणांना बसवा. साधा माउस, लॅपटॉपचा टचपॅड आणि तुमचा माउस, असे तिन्ही द्या, पण प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने, नाहीतर सरावाचा फायदा शेवटच्यालाच मिळतो. विंडोजमधलं "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" (वेगानुसार कर्सरचं प्रमाण बदलणारी सोय) बंद ठेवा. साध्या माउसपेक्षा तुमचा आकडा कमी येईल. तो जसा आला तसा लिहा. ज्यांना साधा माउस धरताच येत नाही त्यांच्या रकान्यात साध्या माउसपुढे रेघ असते आणि तुमच्या माउसपुढे आकडा असतो.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी नोंदवा: कर्सर लक्ष्यात पहिल्यांदा शिरल्यापासून क्लिकपर्यंत किती वेळ गेला, आणि तो किती वेळा आत-बाहेर झाला. थांबवण्यासाठी केलेली मेहनत याच दोन रकान्यांत दिसते. क्लच काढून आणि क्लचसह अशी तुलना केलीत तर परीक्षकांचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी

माउसला ग्रुपचं नाव द्या, नाहीतर हॉलमध्ये "ईएसपी३२" नावाची पाच उपकरणं दिसतील आणि आपलं कोणतं ते कळणार नाही. लॅबमधल्या संगणकांना बहुधा ब्लूटूथ नसतं, यूएसबीचा डोंगल खिशात ठेवा. लॅपटॉप घरीच जोडून न्या. वायरींच्या सांध्यांवर हॉट ग्लूचा थेंब असू द्या आणि एक जादा पट्टा बरोबर घ्या.

तोंडी परीक्षा झाली की माउस कपाटात ठेवू नका. ज्यांच्यासाठी बनवला त्यांच्याकडे एक आठवडा राहू द्या. आठवड्याने जाल तेव्हा आधी त्यांचा हात बघा, मग अस्तर वेलक्रोवरून सोडवून बघा. हातावर जिथे लाल वळ उठलाय आणि अस्तर जिथे जास्त घासलंय, तिथे पेटीची कड लागते आहे. ती कड तिथेच बसून कानशीने गोल करा, अस्तर धुवून सुकलं की पुन्हा लावून द्या.